आज आमचं नवं गाणं आलं!

रात्री बारा वाजता स्पॉटिफायवर गाणं दिसलं आणि लगेच ड्रमरचा फोन. दोघंही बराच वेळ नुसते हसत होतो. लेबल नाही, मॅनेजर नाही. ड्रम्स भाड्याच्या स्टुडिओत आणि गिटार माझ्या खोलीत, खिडकीला गादी लावून. तरी दुसऱ्या कडव्यामागे रिक्षाचा हॉर्न बारीक ऐकू येतो. मुद्दाम ठेवलाय, पुणं आहे ते!

मुंबईच्या रॉक मशीन या बँडने (पुढे नाव बदलून इंडस क्रीड) 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा आपल्याकडचे बहुतेक बँड बाहेरचीच गाणी वाजवायचे. त्या धाडसाचं आज फार अप्रूप वाटलं. आम्ही मराठीत गातोय, याचा मनापासून अभिमान आहे.

लिंक कमेंटमध्ये. हेडफोन लावूनच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर बेस पार हरवतो.