आईंना वाचून दाखवताना

गेल्या दोन वर्षांत मी जेवढं मराठी वाचलं तेवढं त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून वाचलं नसेल, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक पान मोठ्याने वाचलंय. आईंसाठी. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय 79, रात्री पुस्तक हातात घेतल्याशिवाय ज्यांना कधी झोप आली नाही अशा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात होतो तेव्हा दर आठवड्याला चालत मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायच्या, येताना एका पिशवीत भाजी आणि दुसऱ्या पिशवीत पुस्तकं. मग अक्षरं वाकडी दिसायला लागली, नंतर मधोमध धूसर डाग. डॉक्टर म्हणाले पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, झिजतोय, आणि कोरड्या प्रकारचा आहे म्हणून इंजेक्शनचा उपयोग नाही. कडेचं दिसतं, मधलं नाही. त्यामुळे त्या घरभर नीट फिरतात, गॅस पेटवतात, पण समोरच्याचं तोंड बघायला गेल्या की तोंडाच्या जागी डाग. आणि वाचायला तर मधलंच लागतं.

भिंग आणून झालं, मोठ्या अक्षरांचं करून झालं. ऑडिओबुक लावून दिलं, ते दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तो माणूस थांबतच नाही गं. एखादं वाक्य परत हवं असलं तर त्याला सांगायचं कसं?" मी म्हटलं, अहो आई, मी वाचते.

म्हटलं खरं, पण माझं सगळं शिक्षण गुजराती मिडियममध्ये झालेलं. घरात मराठी, शाळेत गुजराती, आणि देवनागरी आली ती हिंदीच्या तासाला. मराठी वाचायची वेळ यायची ती लग्नपत्रिका नाहीतर मोबाइलवरचे मेसेज. गुजराती अक्षरांवर रेघ नसते, डोळ्याला तशीच सवय, त्यामुळे मराठीचं भरगच्च पान समोर आलं की ओळ संपेपर्यंत दम लागायचा आणि जोडाक्षर आलं की मागे जाऊन परत वाचायचं. पहिल्या दिवशी पाऊण तासात सहा पानं झाली. "चोखंदळ" हा शब्द मी चहातल्या च ने वाचला, आई डोळे मिटून ऐकत होत्या, म्हणाल्या, "चोरातला च." बस, एवढंच. कधी रागावल्या नाहीत, पण सोडलं पण नाही, एकही शब्द नाही. बोलताना जे शब्द मी बरोबर बोलते ते कागदावर आले की चुकायचे, आणि जे कधी ऐकलेच नव्हते त्यांचा तर प्रश्नच नाही.

पहिलं पुस्तक मी निवडलं होतं, एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, वाटलं राजेमहाराजे आहेत, लढाया आहेत, त्यांना आवडेल. ऐंशी पानांवर सोडली. मनातल्या मनात वाचताना जी वाक्यं भव्य वाटतात ती तोंडाने म्हणायला लागलं की कळतं किती हवा भरलीय. प्रत्येक सूर्योदयाला चार विशेषणं, प्रत्येक माणूस बोलायच्या आधी गंभीर होणार. मला श्वास पुरेना आणि आईंचं लक्ष पंख्याच्या आवाजाकडे. म्हणाल्या, "मला स्मृतिचित्रे आण. मी कॉलेजात असताना वाचलं होतं."

सेंट्रल लायब्ररीत मी लग्नानंतर पहिल्यांदाच आत गेले. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाच्या माणसाला बोलावून 1910 मध्ये ही लायब्ररी उभी करायला सुरुवात केली हे शाळेत पाठ केलं होतं, पण आतल्या लोखंडी कपाटांमधली ती काचेची जमीन, वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या पुस्तकांवर पडावा म्हणून केलेली, ती काही पाहिली नव्हती. मराठीची कपाटं बघून मी थक्क झाले, गावात एवढं मराठी आहे आणि मी चाळीस वर्षं बाहेरच्या बाहेर.

तर स्मृतिचित्रे. लक्ष्मीबाई टिळकांचं, पहिला भाग 1934 चा. हे पुस्तक वाचायला मला जराही त्रास झाला नाही आणि याचं श्रेय माझं नाही, लक्ष्मीबाईंचं आहे. बाई शाळेत गेलेली नाही, नवऱ्याने घरी जेवढं शिकवलं तेवढंच शिक्षण, आणि वाक्यं अशी की समोर बसून बोलतेय. लहान लहान वाक्यं, जिथे श्वास संपतो तिथेच वाक्य संपतं. सुरुवातीला तिच्या वडिलांचं सोवळं आहे, बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, मीठसुद्धा. मीठ धुतल्यावर उरणार काय! आई एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग हळूच म्हणाल्या, "हसतोय आपण, पण ती पोरं उपाशी राहत असतील गं." मला वाटतं या पुस्तकाचं सगळं मर्म यात आहे. ती कुणाला दोष देत नाही, रडत नाही, सांगते आणि पुढे जाते, आणि आपल्याला दोन पानांनंतर लागतं.

1895 मध्ये लक्ष्मीबाईंचे यजमान नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले त्या भागाशी आलो तेव्हा मात्र माझा आवाज अडकला. नवरा जिवंत आहे आणि आपला राहिला नाही, नातेवाईक एकीकडे ओढतायत, पोर लहान. आणि नंतर ती स्वतः हळूहळू कशी बदलली, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या नाही, यावरून मनात काय काय चाललं, हे ती इतकं खरं लिहिते की मला ते विचार नाही तर एका बाईचे दिवस वाटले. आमच्या प्रतीत याच्या पुढे एक पान फाटलेलं निघालं. मी थांबले, तर आई म्हणाल्या, "थांब, सांगते," आणि साठ वर्षांपूर्वी वाचलेलं पान त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं. नंतर मी नवीन प्रत विकत घेतली आणि ते पान आधी काढून पाहिलं. प्रसंग तोच, क्रम तोच.

दोन महिने लागले त्या पुस्तकाला. तोपर्यंत थोडी पद्धत बसली होती. दुपारी जेवणं झाली की संध्याकाळची दहा-बारा पानं एकदा डोळ्यांखालून घालायची, अवघड शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवायचे (लायब्ररीच्या पुस्तकावर पेन्सिल नाही, हा आईंचा नियम). पाच ते पावणेसहा वाचायचं, जवळ कोमट पाणी. पात्रांचे वेगवेगळे आवाज काढायचे नाहीत, मी सुरुवातीला काढायचे, आईंना ते अजिबात नको होतं, "तू वाच, माणसं मी बघते." आणि कालचं काय झालं ते आधी सांगत बसायचं नाही, त्यांना माझ्यापेक्षा जास्त लक्षात असतं.

कोसला मी घेतलं ते मुलामुळे, तो हॉस्टेलला राहतो, त्याच्या एका मित्राने सांगितलं होतं. भालचंद्र नेमाडे यांनी पंचविशीत लिहिलेलं, 1963 मध्ये आलं. पहिले आठ दिवस आई गप्प. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो, हॉस्टेल, मेस, पैसे उडवणं, दर दोन ओळींना उदाहरणार्थ आणि वगैरे. मला वाचायला मजा येत होती, कारण ते तोंडात बसतं, एकदा त्याची चाल सापडली की पानं पळतात, माझा स्पीड वाढला तो या पुस्तकात. पण आई म्हणाल्या, "हा मुलगा वडिलांचे पैसे फुकट घालवतोय आणि वर आपल्यालाच सांगतोय." मी म्हटलं, सोडायचं का? म्हणाल्या, नाही, बघू पुढे काय करतो.

तेवढ्यात 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटपर्यंत पाणी, लाइट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलेले. टीव्ही नाही, मोबाइलची बॅटरी जपायची, मग सकाळ-संध्याकाळ कोसला, अंधार पडला की टॉर्च. आणि नेमकं त्याच दिवसांत त्याच्या धाकट्या बहिणीच्या मरणाचा भाग आला. देवीच्या रोगाने जाते ती. तोपर्यंत जो मुलगा प्रत्येक गोष्टीला वगैरे म्हणत होता त्याच्या बोलण्यातला सगळा बेफिकीरपणा तिथे गळून पडतो, आणि मला वाचता वाचता कळलं की आधीची दीडशे पानं याच्यासाठी होती, तो मुलगा काय लपवून बोलतोय ते इथे उघडं पडतं. मी एक परिच्छेद वाचायची आणि थांबायची. आईंचा धाकटा भाऊ लहानपणी गेला, त्यांनी ते मला कधी सांगितलं नव्हतं, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी. त्या रात्री टॉर्च बंद करून सांगितलं, त्याचं नाव, त्याची पाटी कुठे ठेवलेली होती ते. खाली पाण्याचा आवाज येत होता.

कोसलाचा शेवटचा भाग, तो गावी परत येतो तो, मला जरा लांबला असं वाटलं. आईंचं मत उलटं, त्यांना तोच आवडला. "आता कुठे त्याला घर दिसायला लागलं."

आहे मनोहर तरी वाचायला मी टाळत होते. सुनीता देशपांडे यांचं, 1990 चं, त्यात त्यांचं आणि पुलंचं संसारातलं सगळं स्पष्ट लिहिलंय हे ऐकून होते, आणि सासूसमोर ते मोठ्याने वाचायचं म्हणजे संकोच वाटत होता. आईंनीच हट्ट केला. मोठ्याने वाचायला अवघड पुस्तक आहे, आठवणी पुढेमागे जातात, एका वाक्यात 1942 ची चळवळ तर दुसऱ्यात कालपरवाचं घर, सुर हरवायला वेळ लागत नाही, ऐकणाऱ्याला वर्ष सांगत बसावं लागतं. पण प्रामाणिकपणा असा की काही ठिकाणी मी खाली बघूनच वाचत राहिले. स्वतःलाही सोडलं नाही त्यांनी, हे मला सगळ्यात मोठं वाटतं, नवऱ्याचे दोष लिहिणारी पुष्कळ असतील, स्वतःचा ताठरपणा त्याच मापाने मोजणारी किती? आई आधी म्हणाल्या, "घरातलं एवढं लिहायचं कशाला?" तीन-चार दिवसांनी पोळ्या लाटताना, काही संदर्भ नसताना, म्हणाल्या, "मी लिहिलं असतं ना, तर निम्मं तरी हेच लिहिलं असतं." मी काही बोलले नाही, कणीक पुढे सरकवली.

मधल्या काळात नवरात्र आली, नऊ रात्री गरब्याच्या स्पीकरपुढे माझा आवाज टिकणं शक्य नव्हतं, तेव्हा दुपारी चिमणरावाच्या गोष्टी वाचल्या. चिं. वि. जोशी इथे बडोद्याच्या कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे आईंना ते शेजारचेच वाटतात.

नवीन काहीतरी वाचू म्हणून कृष्णात खोत यांची रिंगाण घेतली, 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणामुळे उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला परत जातो. कोल्हापूरकडची बोली, माझी जीभ परत पहिल्या दिवसासारखी अडखळायला लागली, आणि आईंनाही सगळे शब्द माहीत नव्हते, पहिल्यांदाच दोघी सारख्या अडाणी. म्हणून ती आम्ही दोनदा वाचली, रोज सहाच पानं. मला ती फार जवळची वाटली कारण सरदार सरोवरात गाव गेलेल्या लोकांच्या वसाहती आमच्या डभोई-वाघोडियाच्या बाजूला आहेत, लहानपणी बसमधून जाताना ती एकसारखी घरं दिसायची आणि मी कधी विचारलं नाही की ही माणसं कुठली, त्यांचं मागे काय राहिलं. या कादंबरीने ते विचारायला लावलं. म्हैस आणि माणूस जंगलात समोरासमोर येतात ती पानं वाचताना मी बोलीतली चूक आहे की बरोबर हे विसरूनच गेले.

आता पाऊण तासात पंधरा-सोळा पानं होतात. चोरातला च कुठे आणि चहातला कुठे हे बहुतेक वेळा आपोआप कळतं.

सध्या बलुतं चालू आहे, दया पवार यांचं दलित आत्मकथन. पुढे काय वाचायचं त्याची यादी मी वाचून दाखवत होते, हे नाव आलं तसं आईंनी हात वर केला. 1978 मध्ये ते आलं तेव्हा त्यांना वाचायचं होतं, सगळीकडे त्याचंच बोलणं होतं, त्यांनी लायब्ररीतून आणलं पण होतं, आणि घरातल्या मोठ्या माणसांनी ते दारातूनच परत करायला लावलं. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? "काय म्हणणार, 32 वर्षांची होते, परत देऊन आले." मग जरा वेळाने, "नको होतं द्यायला."

दगडू मारुती पवार आपली सगळी कहाणी दया पवारला सांगतो, अशी सुरुवात आहे. पहिली दहा पानं झाली तेव्हा सहा वाजून गेले होते, कुकर लावायचा होता, मी पुस्तकात चिठ्ठी घातली. आई म्हणाल्या, "आज भात उशिरा झाला तरी चालेल, वाच." काल मुंबईतल्या कावाखान्यापर्यंत, दगडूच्या लहानपणच्या वस्तीपर्यंत, आलो.