आमची वाटचाल : आधी वजन, मग अक्षरं

आम्ही जुनी नाणी तपासून, वाचून देतो. सुरुवातीला आमच्या टेबलावर नाणं आलं की आम्ही थेट अक्षरं वाचायला घ्यायचो. चुका तिथेच व्हायच्या. भिंगाखाली एखादं अक्षर ओळखीचं वाटलं की उरलेलं नाव मन आपोआप भरून टाकतं. म्हणून क्रम उलटा केला : वजन, व्यास, धातू, काठ आणि सगळ्यात शेवटी लेख, म्हणजे नाण्यावरची अक्षरं.

विदर्भात या क्रमाचं महत्त्व जास्त जाणवतं ते सातवाहनांच्या पोटीन नाण्यांमुळे. पोटीन म्हणजे तांब्यात शिसं, कथील मिसळलेला हलक्या प्रतीचा धातू. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि भोवती ब्राह्मी लेख, दुसऱ्या बाजूला फुलीने जोडलेल्या चार वर्तुळांचं उज्जयिनी चिन्ह. आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली अशा नाण्यांचा मोठा साठा निघाला आणि इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्यातले राजे ओळखले. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी ही नावं पुराणांतल्या याद्यांत नाहीत, ती नाण्यांवरूनच कळली. अडचण अशी की ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने एका नाण्यावर चार-पाच अक्षरंच उतरतात. नुसतं ‘सातकणिस’ (सातकर्णीचं) दिसलं तर राजा ठरत नाही, कारण ते अनेकांच्या नावात आहे. त्याच्या आधीचं अक्षर हवं. तेच कापलं गेलं असेल तर आमच्या कार्डावर ‘सातकर्णी, नाव अपूर्ण’ एवढंच लिहिलं जातं. गिऱ्हाईक नाराज होतं, पण अंदाजाने नाव लिहून देणं आम्हाला मान्य नाही.

चांदीच्या आहत, म्हणजे ठशांनी चिन्हं ठोकलेल्या प्राचीन नाण्याचं प्रमाण वजन ३२ रत्ती, म्हणजे साधारण ३.४ ग्रॅम. झिजेने ते थोडं उतरतं. धातूची शंका आली तर घनता काढतो : हवेतलं वजन भागिले पाण्यात घटलेलं वजन. ३.४० ग्रॅमच्या नाण्याची घट ०.३३ आली तर घनता १०.३. शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६, त्यामुळे चांदीचा मुलामा दिलेलं तांबं लगेच कळतं. पण काटा ०.०१ ग्रॅमचा असेल तर हाच आकडा १०.० ते १०.६ मध्ये कुठेही पडू शकतो. म्हणून ०.००१ ग्रॅमचा काटा घ्यावा लागला. नाण्याला बुडबुडा चिकटला तर घट जास्त दिसते आणि चांगली चांदीही हलकी ठरते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात.

घनता बरोबर आली म्हणजे नाणं खरं, असं मात्र नाही. चांदीतच ओतलेली नक्कल असू शकते. आहत नाण्यावरची पाच चिन्हं वेगवेगळ्या ठशांनी एकेक करून ठोकलेली असतात. दोन नाण्यांवर ती पाचही त्याच जागी, एकमेकांवर तशीच चढलेली दिसली, तर किमान एक ओतीव आहे. काठावरची शिवण आणि खोलगट भागातले बारीक खड्डेही तेच सांगतात.

कुटुंबांकडून येणाऱ्या, नागपूरच्या भोसल्यांच्या काळातल्या रुपयांवर बादशहाचं नाव फारसीत असतं, म्हणून लोक त्यांना मुघल समजतात. कटकच्या टांकसाळीचा मराठी अमलातला रुपया अहमदशहाच्या नावाने पडायचा. त्याची कारकीर्द १७४८ ते १७५४, पण रुपये पुढेही त्याच नावाने निघत राहिले. तिथे नावापेक्षा त्रिशूळाची खूण आणि अक्षरांची घडण बघायची. (नागपूरच्या इतवारी सराफ बाजारात मोडीत घालण्याआधी एकदा दाखवा, ही मनापासून विनंती.)

सगळ्यात जास्त नुकसान घासण्याने होतं. चिंच, लिंबू लावलं की पोटीनमधलं शिसं विरघळतं आणि तांबूस, स्पंजासारखा पृष्ठभाग उरतो. अक्षरं परत येत नाहीत. आम्ही डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवतो, पाणी रोज बदलतो आणि माती बाभळीच्या काट्याने, दहापट भिंगाखाली काढतो. फिकट हिरवी भुकटी पुन्हापुन्हा येत असेल तर तो क्लोराइडचा रोग. ते नाणं लगेच वेगळं ठेवायचं.

आमचा दर नगावर आहे, किमतीवर नाही. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो; आम्ही खरेदी-विक्री करत नाही. शेतात पुरलेला साठा सापडला असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तेव्हा गिऱ्हाइकाला आधी तिकडेच पाठवतो. जाताना मात्र गाव, शिवार, किती खोल आणि कोणत्या भांड्यात हे गिऱ्हाइकाकडून लिहून घेतो.

शिशाची नाणी लाकडी किंवा प्लायच्या कपाटात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांची पांढरी पूड होते. प्लॅस्टिकचा डबा पीव्हीसीचा नसावा. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्यात ती आठवड्याला बदलावी.