लोणारचा गाळ काय सांगतो, काय नाही

जुनी वस्ती उठली की दुष्काळावर खापर फोडायचं आणि दुष्काळ आला म्हणजे मारामाऱ्याही झाल्या असणार असं धरून चालायचं, ही सवय जुनीच. तपासायला पुरावा मात्र आपल्या बुलडाणा जिल्ह्यातच पडून आहे.

लोणार सरोवरात पाणी येतं पावसाचं न् झऱ्यांचं. बाहेर जायला वाट नाही, जातं ते वाफ होऊनच. पाऊस घटला की पाणी खारावत जातं. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. फारच आटलं तर तळाच्या गाळात गेलुसाइटचे, म्हणजे सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटचे, खडे धरतात. नळी ठोकून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळात ते मुख्यतः दोन पट्ट्यांत मिळाले: ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या.

पहिला पट्टा इ.स.पू. २६०० ते १९०० च्या आसपासचा. नेमक्या त्याच काळात दक्षिणेत उटनूर, बुदिहाळकडचे नवाश्मयुगीन लोक गुरं राखून होते. त्यांनी जाळलेल्या शेणाच्या राखेची टेकाडं अजून उभी आहेत. खाणं कुळीथ, मूग, राळ्याच्या जातीचं बारीक धान्य. कमी पाण्यावर निभणारी पिकं, त्यामुळे ते टिकले यात मला नवल वाटत नाही.

पुढच्या ताम्रपाषाणयुगातलं पुणे जिल्ह्यातलं इनामगाव घ्या. इ.स.पू. १००० नंतर तिथली चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, ७०० च्या सुमारास गाव उठलं. कारण कोरडं हवामान, असं सांगतात. लोणारच्या दोन्ही पट्ट्यांत ही वर्षं बसत नाहीत. अर्थात गेलुसाइट टोकाच्या कोरडीतच धरतो, मधल्या प्रतीचा दुष्काळ त्यातून निसटतो. दोन-तीन वर्षांचा तर दिसणारच नाही.

तारखेतही घोटाळा होतो. कार्बन-१४ च्या वयमोजणीला नुसता गाळ दिला तर वय खोटंच जास्त येऊ शकतं, कारण पाण्यात विरघळलेला जुना कार्बन त्यात मिसळलेला असतो. काठावरून पडलेलं पान किंवा काडी वेचून द्यावी.

आणि मारामारी? ती हाडांवर शोधायची. जर्मनीत टालहाइमला इ.स.पू. ५००० च्या सुमाराच्या एकाच खड्ड्यात ३४ जण निघाले, बायकापोरांसकट. कवट्यांवर सुताराच्या वाकसासारख्या दगडी हत्यारांचे घाव. ताज्या हाडाला बसलेल्या घावाची कड तिरपी, गुळगुळीत, रंगाने बाकी हाडासारखीच असते. कड खडबडीत आणि फिकट दिसली तर ते हाड उकरताना कुदळीनेच मोडलेलं असण्याचा संभव जास्त.