कोल्हापूर म्हणतंय हुबळी, हुबळी म्हणतंय कोल्हापूर

मंगळवार, रात्री साडेदहा

आज शेवटी गिअरबॉक्सचे सील गावले. म्हणजे पुण्याहून निघालेत, हातात पडतील तेव्हा खरं.

मामांची गाडी 11 दिवस झाले गॅरेजात पोट उघडून पडलीय. 2007 ची ऑटोमॅटिक. पाऊस लागल्यापासून सकाळी डी मध्ये टाकलं की 3-4 सेकंद हलायचीच नाही आणि मग एकदम धाडकन धक्का, पण एकदा तापली की शहाण्यासारखी चालायची, म्हणून मामा म्हणायचे तिला थंडी वाजतीया. मिस्त्री म्हणाला मामा बरोबरच बोलतात. आतल्या क्लचच्या पिस्टनवर रबरी लिप सील असतं, ते वर्षानुवर्षं गरम तेलात शिजून कडक होतं, थंडीत त्याचा ओठ ड्रमला नीट टेकत नाही, तेलाचं प्रेशर बाजूनं निसटतं आणि क्लच धरत नाही, तापल्यावर रबर जरा मऊ पडलं की काम चालतं. खोलल्यावर त्यानं ते माझ्या हातात दिलं, वाकवायला गेलो तर बिस्किटासारखं तुटलं.

आणि मी कोण, तर बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात 17 वर्षं. सील म्हणजे माझी भाकरीच की. म्हटलं हात्तेच्या, स्टोअरमधनं आणतो. व्हर्निअर घेऊन जुन्या सीलचं माप घ्यायला लागलो तर मिस्त्री हसतोय, "ओ, आटलेल्या रबराचं माप काय घेऊलालासा, खाच मोजा की." लाज वाटली खरं, हे मीच आमच्या पोरांना रोज सांगतो. खाच मोजली, दोन ओ रिंगा तंतोतंत निघाल्या आमच्याकडं, लिप सील मात्र नाहीच. त्या दोन पण त्यानं परत दिल्या. आमच्या सिलिंडरचं तेल 60 डिग्रीच्या वर गेलं की आम्ही कूलर बघायला पळतो, आणि ह्यातलं तेल रोजचंच 80-90 ला असतंय, चोर्ला घाट चढताना त्याच्याही वर. "बसंल हो, टिकणार काय? परत गिअरबॉक्स उतरवायला तुम्ही येणार?" गप्प बसलो.

मग फोन. कोल्हापूरवाला म्हणाला हुबळीत विचारा. हुबळीवाला म्हणाला "इल्ल री, कोल्हापूरदाग नोड्री." दोन्हीकडं शंभर-शंभर किलोमीटर, आणि आम्ही मधे, तसे 1956 पासून आहोतच म्हणा. बेंगळूरच्या जेसी रोडवर एकाकडं होतं पण तो क्लच प्लेटांसकट अख्खी मास्टर किटच घ्या म्हणतोय, आमच्या प्लेटा चांगल्या आहेत, जळक्या वासाच्या नाहीत, नुसत्या सीलसाठी एवढे पैसे कोण घालणार.

शेवटी पुण्याच्या नाना पेठेतला एक म्हातारा दुकानदार. पहिलंच वाक्य, "गाडीचं नाव नको, गिअरबॉक्सचा नंबर सांगा." बाकी सगळ्यांनी मॉडेल न् साल विचारलं होतं, आणि त्या मॉडेलमध्ये दोन वेगवेगळे गिअरबॉक्स आलेले, हे मला आज कळतंय. गॅरेजात जाऊन हौसिंगवरची पट्टी रॉकेलनं घासली, वर बोटभर चिखल, मोबाईलच्या उजेडात फोटो काढून पाठवला. 10 मिनिटांत उत्तर, आहे, नुसत्या सीलचा सेट आहे, पार्सल बसनं टाकतो. 11 दिवस मी एवढं पुसायचं सोडून गावभर व्हर्निअर घेऊन फिरत होतो.

मिस्त्रीला सांगितलं तर म्हणतो येताना व्हॅसलीनची डबी आणा, सील बसवताना जागेवर धरायला. ग्रीस नको, ते तेलात विरघळत नाही, व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेल इकडं-तिकडं वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटा तुंबवतं. साधी आणा म्हणाला, वासाची नको. घरात आहे ती हिच्या कपाटातली, गुलाबाच्या वासाची. उद्या मेडिकल उघडल्यावर बघू.