चेस्टरला मुक्काम, उत्तर वेल्सची भटकंती: किल्ले, स्लेटचे डोंगर आणि अरुंद रुळांची रेल्वे

ब्रिटनला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी लंडन पाहतात, एडिंबराला जातात आणि जमल्यास लेक डिस्ट्रिक्ट उरकतात. वेल्स मात्र राहूनच जातो. ज्यांना सह्याद्रीतल्या किल्ल्यांची ओढ आहे, त्यांनी तरी ही चूक करू नये, असे मला मनापासून वाटते. उत्तर वेल्सचा हा भाग पाहण्यासाठी वेल्समध्येच राहायला हवे असे नाही. सीमेला लागून असलेल्या चेस्टर या इंग्लिश शहरात मुक्काम ठेवला, तर एक देखणे जुने शहर निवांतपणे पाहून होते आणि सकाळच्या गाडीने निघून रात्री परतण्याइतक्या अंतरावर समुद्र, डोंगर आणि किल्ले तिन्ही मिळतात. लंडनच्या यूस्टन स्थानकावरून थेट गाडीने चेस्टरला सुमारे दोन तासांत पोहोचता येते, आणि भारतातून मँचेस्टरला उतरणाऱ्यांना तर ते आणखी जवळ आहे.

हॉटेलचे आरक्षण करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी. चेस्टरच्या तटाला लागूनच घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आहे. तिथे १५३९ पासून शर्यती होत आल्या आहेत, आणि आजही वापरात असलेले ते सर्वांत जुने मैदान मानले जाते. मे ते सप्टेंबर या काळात शर्यतींचे जे दिवस असतात, त्या दिवशी शहरातल्या खोल्यांचे भाव भलतेच चढतात आणि गाड्यांना गर्दी होते. शर्यतींचे वेळापत्रक आधी पाहावे आणि मगच तारखा ठरवाव्यात.

चेस्टर हे मुळात इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन सैन्याने वसवलेले ठाणे. त्याची तटबंदी पुढे मध्ययुगात वाढवली गेली आणि आज जवळजवळ सलग तीन किलोमीटरची फेरी तटावरून चालत पूर्ण करता येते. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. पहिल्या दिवशी सकाळी हीच फेरी मारावी, म्हणजे गावाची रचना डोक्यात पक्की बसते: एका बाजूला कॅथेड्रल, दुसरीकडे डी नदी, पश्चिमेला शर्यतीचे मैदान आणि पूर्व वेशीवर व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांनिमित्त बसवलेले नक्षीदार घड्याळ. तटाच्या ईशान्य कोपऱ्यात एक बुरूज आहे. १६४५ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने आपल्या सैन्याचा पराभव इथून पाहिला, अशी परंपरा सांगितली जाते. बाजारातल्या रस्त्यांवर दुकानांच्या वर दुकाने आणि वरच्या मजल्यावरून जाणारी छताखालची सलग वाट अशी दुमजली रचना आहे. पाऊस सुरू झाला की तिचे महत्त्व कळते. काळ्या लाकडी चौकटींची पांढरी घरे पाहून ती सगळी मध्ययुगीन आहेत असे वाटते. त्यांतली बरीचशी एकोणिसाव्या शतकात जुन्या धाटणीने बांधलेली आहेत, पण त्यामुळे त्यांची शोभा कमी होत नाही.

कॅथेड्रलमध्ये घाई करू नये. गायकांच्या बैठकांवरचे चौदाव्या शतकाच्या अखेरचे लाकडी कोरीवकाम हे तिथले खरे वैभव आहे. त्यात एका बैठकीच्या कडेला पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती कोरला आहे. आम्ही वाकून जवळून पाहिले: सोंड आहे, पण पाय मात्र घोड्याचे, खुरांसकट. हत्ती कधी न पाहिलेल्या सुताराने केवळ ऐकीव माहितीवर तो घडवला असणार. बरोबर माझी आई होती. देवळांच्या खांबांवरचे हत्ती लहानपणापासून पाहिलेल्या तिला तो फार आवडला आणि ती बराच वेळ तिथून हलली नाही.

चेस्टरहून उत्तर वेल्सच्या किनाऱ्याने जाणारा लोहमार्ग हा या सहलीचा कणा आहे. जाताना उजव्या बाजूच्या खिडक्या पकडाव्यात. आधी डी नदीची रुंद खाडी आणि मग बराच वेळ समुद्र सोबत राहतो. तिकिटांचा खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर रेलकार्ड घ्यावेच. दोघांनी एकत्र फिरायचे असेल तर दोघांचे मिळून एक कार्ड मिळते, आणि साठीच्या पुढच्यांसाठी ज्येष्ठांचे कार्ड वेगळे आहे. दोन्हींवर बहुतेक तिकिटांत एकतृतीयांश सवलत मिळते, आणि ज्येष्ठांचे कार्ड परदेशी पाहुण्यांनाही घेता येते. आईचे कार्ड स्थानकावरच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून काढले. दोघांच्या कार्डावर सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपूर्वी प्रवास करता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. रविवारी गाड्या कमी असतात, त्यामुळे दूरचा पल्ला रविवारी ठरवू नये.

पहिले ठिकाण अर्थातच कॉन्वी. इथले छोटे स्थानक विनंतीवरून थांबण्याचे आहे, म्हणजे उतरायचे असल्यास गाडीतल्या गार्डला आधी सांगावे लागते आणि चढायचे असल्यास फलाटावरून हात दाखवावा लागतो. ते नको असेल तर आधीच्या लॅन्डिड्नो जंक्शनला उतरून पुलावरून चालत यावे. मी तर हेच सुचवेन, कारण खाडीच्या पाण्यापलीकडे आठ प्रचंड बुरुजांचा किल्ला समोर उभा राहतो तो याच वाटेवर.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८२ मध्ये वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजा ल्युएलिन पडल्यावर हा मुलूख बांधून ठेवण्यासाठी किल्ल्यांची साखळी उभारली. कॉन्वीचे काम १२८३ मध्ये सुरू होऊन अवघ्या चार वर्षांत, १२८७ पर्यंत, बहुतांशी पुरे झाले. जागा निवडताना त्याने वेल्सच्या राजघराण्याची समाधिस्थाने असलेला मठच तिथून हलवला, आणि तटाच्या आतल्या गावात इंग्लिश लोक वसवून वेल्श लोकांना तिथे राहण्यास मज्जाव केला. तटावर उभे राहून ही हकिकत आठवली की दगडांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. आपल्याकडचे बहुतेक गड मुलखातल्या माणसांनी मुलूख राखण्यासाठी वापरले. इथे मुलखातल्या माणसांना दाबून ठेवण्यासाठी गड बांधला. म्हणूनच तो समुद्राच्या कडेला आहे: जमिनीवरची वाट बंद झाली तरी रसद पाण्यातून यावी. १२९४-९५ च्या हिवाळ्यात वेल्श उठावामुळे एडवर्ड स्वतःच या किल्ल्यात अडकून पडला होता.

१४०१ साली, वेल्श सरदार ओवेन ग्लिनडूरने इंग्लिश सत्तेविरुद्ध केलेल्या उठावाच्या काळात, ट्यूडर घराण्यातल्या दोन भावांनी हा किल्ला युक्तीने घेतला. गुड फ्रायडेच्या दिवशी शिबंदी प्रार्थनेला गेली असताना त्यांची माणसे सुतार असल्याची बतावणी करून आत शिरली, पहारेकऱ्यांना मारले आणि किल्ला ताब्यात घेऊन काही आठवडे टिकवला. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ही हकिकत त्याच दरवाज्यात उभे राहून ऐकताना काय वाटते, ते सांगायला नको.

किल्ल्याबरोबर गावाची तटबंदीही पाहावी. ती सुमारे १.३ किलोमीटर लांब असून तिला २१ बुरूज आहेत, आणि दक्षिणेकडच्या भागात तटाबाहेर काढलेले बारा शौचकूप ओळीने शाबूत आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी बुरुजांवरचे अरुंद चक्री जिने टाळावेत, कारण ते फार उभे आहेत आणि पायऱ्या झिजलेल्या आहेत. आई खालच्या चौकात बसून राहिली आणि तिथूनही तिला पुष्कळ पाहता आले. वर जाण्याची इच्छा असलेल्या ज्येष्ठांसाठी कॅनार्वनचा किल्ला अधिक सोयीचा आहे; तिथल्या मुख्य दरवाज्याच्या इमारतीत २०२३ मध्ये लिफ्ट बसवली आहे. कॉन्वी, कॅनार्वन, हार्लेक आणि बोमॅरिस हे चार किल्ले १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आपल्या मराठा लष्करी स्थापत्यातले बारा किल्ले २०२५ मध्ये त्याच यादीत गेले. तेव्हा इथे माहितीफलक, पायवाटा, कठडे आणि दुरुस्ती यांची निगा कशी राखली जाते ते दुर्गप्रेमींनी मुद्दाम बारकाईने पाहावे.

वेल्श राजांनी स्वतः बांधलेला किल्ला पाहायचा असेल तर डोल्विडेलनला जावे. लॅन्डिड्नो जंक्शनहून डोंगरात शिरणाऱ्या छोट्या लोहमार्गावर हे स्थानक आहे आणि तिथून रस्त्याने चालत किल्ल्यापाशी जाता येते. जाताना पुन्हा उजव्या खिडक्याच धराव्यात, नदी त्या बाजूला आहे. किल्ला म्हणजे कातळाच्या सोंडेवर उभा असलेला एकच चौकोनी बुरूज; तेराव्या शतकाच्या आरंभी थोरल्या ल्युएलिनने, म्हणजे १२८२ मध्ये पडलेल्या ल्युएलिनच्या आजोबाने, तो बांधला आणि जानेवारी १२८३ मध्ये तो एडवर्डच्या हाती पडला. वरचा भाग एकोणिसाव्या शतकात दुरुस्त केलेला आहे. कॉन्वीच्या मानाने इथे पाहण्यासारखे फारच थोडे आहे. पण चहूबाजूंनी डोंगर, खाली खिंडीतली वाट, कुरणांत मेंढ्या आणि आसपास चिटपाखरू नाही, अशा त्या जागी मला घरच्यासारखे वाटले. घाटवाटेवर नजर ठेवणारा टेहळणीचा गड कुठेही गेले तरी ओळखू येतो.

याच मार्गाने पुढे गेले की साडेतीन किलोमीटरच्या जवळपास लांबीचा बोगदा लागतो आणि त्यातून बाहेर येताच ब्लायनाय फेस्टिनिओग हे गाव. तिन्ही बाजूंना स्लेटच्या तुकड्यांचे करडे ढीग डोंगराएवढे चढत गेलेले आहेत. पाऊस पडला की ते निळसर चकाकतात, आणि इथे पाऊस बहुधा असतोच. घरांच्या छपरांसाठी लागणारा हा दगड इथून जगभर गेला, आणि जेवढा दगड विकला गेला त्याच्या कित्येक पट भंगार गावाभोवती साचले. १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखताना या गावाला मधोमध वगळण्यात आले. नकाशात आजही तिथे भोक दिसते. त्याच स्लेट खाणींच्या प्रदेशाला २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सुंदर नाही म्हणून नाकारलेली जागा कष्टांच्या इतिहासामुळे मानाला चढली, याचे मला फार अप्रूप वाटले. खाणीच्या आत जाण्याची सहल घेणार असाल तर उन्हाळ्यातही जाकीट आणि बंद बूट हवेत.

फेस्टिनिओग रेल्वे इथूनच सुटते आणि पोर्थमॅडोगच्या बंदरापर्यंत सुमारे २२ किलोमीटर उतरते. ती १८३६ मध्ये सुरू झाली तेव्हा इंजिन नव्हते. स्लेटने भरलेल्या वाघिणी उताराने आपोआप खाली जात आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून आणत. म्हणून उतरताना घोडेही शेवटच्या खास डब्यात उभे राहून खाली जात. ही गोष्ट आम्हाला डब्यातल्या एका निवृत्त स्वयंसेवकाने हातवारे करून सांगितली. इथली पुष्कळशी कामे असे स्वयंसेवकच करतात. १८६३ मध्ये वाफेची इंजिने आली. दोन फुटांहून किंचित कमी रुंदीच्या रुळांवरही डोंगरात वाफेवर गाडी चालते, हे या मार्गाने जगाला दाखवून दिले, आणि पुढे दार्जिलिंगची व १९०७ मध्ये आपली नेरळ-माथेरान गाडी त्याच अरुंद मापावर धावू लागली. दोन्ही टोकांना धुराडे असलेले इथले जुळे इंजिन सुटण्यापूर्वी जवळ जाऊन पाहावे. ब्लायनायहून उतरताना दरी डाव्या हाताला असते. ही जागा आधी आरक्षित करावी. हिवाळ्यात फेऱ्या फार कमी होतात. परतताना पोर्थमॅडोगहून बसने बँगरला येऊन चेस्टरची गाडी धरता येते, पण बसची शेवटची वेळ आधीच पाहून ठेवावी.

पॉन्टकसल्टेचा जलसेतू अर्ध्या दिवसात होतो: रुआबनपर्यंत गाडी आणि पुढे बस. १८०५ मध्ये पुरा झालेला हा सेतू दरीपासून ३८ मीटर उंचीवरून ओतीव लोखंडाच्या पन्हळीतून कालवा नेतो. तिचे सांधे वेल्श फ्लॅनेल आणि पांढऱ्या शिशाने बुजवलेले आहेत. पायवाटेला कठडा आहे, पण पलीकडच्या बाजूला बोटीच्या काठापुढे काहीच नाही, तेव्हा उंचीची भीती वाटणाऱ्यांनी बोटीऐवजी पायवाटच घ्यावी.

शाकाहारी मंडळींसाठी थोडे सांगतो. वेल्श रेअरबिट म्हणजे पावावर वितळवलेले चीज. पण त्यात बिअर आणि मासे असलेला वूस्टरशर सॉस घालण्याची पद्धत आहे, म्हणून आधी विचारावे. तव्यावर भाजलेले बेदाण्यांचे वेल्श केक चहाबरोबर उत्तम लागतात, मात्र काही ठिकाणी ते डुकराच्या चरबीत करतात, हेही विचारावे. चीज आणि लीक (कांद्याच्या जातीची पातीसारखी भाजी) यांचे ग्लॅमॉर्गन सॉसेज हा खात्रीचा शाकाहारी पदार्थ. खेड्यांतली स्वयंपाकघरे दुपारी लवकर बंद होतात, त्यामुळे चेस्टरहून निघताना सुपरमार्केटमधून काहीतरी बरोबर घ्यावे. स्नोडन, म्हणजेच अर विद्वा, हे १,०८५ मीटरचे शिखर दातेरी रुळांच्या रेल्वेने गाठायचे असेल तर तिकीट बरेच आधी काढावे आणि ढगांमुळे काही न दिसण्याची तयारी ठेवावी. गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी सप्टेंबर २०२३ पासून वेल्समधल्या वस्तीच्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे हे विसरू नये.

परतीचे विमान बर्मिंगहॅमहून घेणे शक्य असेल तर अवश्य घ्यावे, कारण वाटेत वेल्शपूलचा पोविस किल्ला पाहता येतो. चेस्टरहून श्रूजबरीला यावे, तिथे एक रात्र राहून सामान हॉटेलात ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी वेल्शपूलला जाऊन यावे. रॉबर्ट क्लाइव्ह आणि मद्रासचा गव्हर्नर झालेला त्याचा मुलगा एडवर्ड यांनी हिंदुस्थानातून नेलेल्या एक हजाराहून अधिक वस्तू इथे आहेत. त्यांत टिपू सुलतानाचा फुलाफुलांच्या छापील कापडाचा तंबू आहे आणि त्याच्या सिंहासनावरचे रत्नजडित वाघाचे शीरही. वस्तूंजवळची माहिती त्या लुटीतून आल्याचे सांगते, आणि दालन लहान असल्यामुळे गर्दीच्या दिवशी थांबावे लागते. आई त्या तंबूसमोर उभी राहून म्हणाली, "हे आपल्याला इथे येऊन पाहावं लागतंय." मला त्यावर काही बोलता आले नाही. बागेचे गच्चीसारखे थर फार सुंदर आहेत, पण आधी संग्रहालय पाहावे, कारण ते बागेपेक्षा लवकर बंद होते. श्रूजबरीहून बर्मिंगहॅमच्या विमानतळाला थेट गाड्या आहेत.