भोगीची सकाळ आणि 98 हा आकडा

नाशिकमध्ये ज्या इमारतीत मी राहतो, तिच्याच तळमजल्यावर गेली 19 वर्षे माझा दवाखाना आहे. इमारतीत 32 घरे आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या प्रकृतीचा इतिहास मला फाइल न उघडता सांगता येतो, अशी माझी समजूत होती. यंदाच्या भोगीच्या दिवशी ती समजूत गेली.

भोगीला घरोघरी न्हाणे असते. पाण्यात तीळ टाकून सगळे एकामागोमाग एक डोक्यावरून आंघोळ करतात, आणि जानेवारीतल्या इथल्या थंडीत पाणी चांगले कढत लागते. सकाळी सव्वानऊच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा धावत खाली आला. "डॉक्टरकाका, वहिनी बाथरूममध्ये पडलीय, आतून कडी आहे," एवढेच तो बोलू शकला. मी वर पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी कडी तोडून तिला चादरीत गुंडाळून बाहेरच्या खोलीत आणले होते. ती अर्धवट शुद्धीत होती, श्वास चालू होता, नाडी जलद होती. मी बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावला, तर त्यावर 98 हा आकडा आला, म्हणजे ऑक्सिजन पुरेसा दिसत होता. ओठ निळे नव्हते, डोक्याला मार नव्हता, साखर ठीक होती. सकाळपासून उपाशी, त्यात गरम पाणी, म्हणून चक्कर आली असावी, असे निदान माझ्या मनात जवळजवळ पक्के झाले होते.

तेवढ्यात तिच्या सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, माझंही डोकं सकाळपासून ठणकतंय. छोटीला तर न्हाऊ घातल्यावर दोनदा उलटी झाली." एकाच घरातील तीन माणसे, एकाच सकाळी, आंघोळीनंतर आजारी पडली होती. मी बाथरूमकडे पाहिले. नळ वाहत होता आणि भिंतीवरचा गॅस गीझर अजून पेटलेलाच होता. त्याच्या खिडकीतली ज्योत निळी नसून पिवळसर होती. बाथरूमच्या वरच्या, हवा खेळण्यासाठीच्या झडपेला कबुतरे येऊ नयेत म्हणून पावसाळ्यापासून जाड प्लॅस्टिक ठोकलेले होते. मी गीझर बंद केला, घराची सगळी दारे-खिडक्या उघडायला लावल्या, तिघींनाही गॅलरीत नेले आणि 108 ला फोन केला. दवाखान्यातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर गाडी येईपर्यंत पुरला.

रुग्णालयात रक्ताची तपासणी झाली आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असल्याचे स्पष्ट झाले. हा वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, म्हणून गळती झाली की घर सावध होते. पण येथे गळती नव्हतीच, गॅस जळत होता, फक्त पुरेशा हवेअभावी अर्धवट जळत होता. आणि नेहमीच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन व हा वायू धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे रुग्ण गुदमरत असतानाही तो 98 दाखवू शकतो. हे सर्व मी विद्यार्थीदशेत वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते, आणि तरी सासूबाई बोलल्या नसत्या तर मी तिला लिंबूपाणी देऊन त्याच घरात झोपवले असते.

ती तिसऱ्या दिवशी घरी आली. मात्र या विषबाधेचा मेंदूवरील परिणाम काही वेळा कित्येक दिवसांनी दिसतो, म्हणून तिची स्मृती आणि चाल मी पुढे दीड महिना तपासत राहिलो.

भोगीच्या त्याच संध्याकाळी सगळे पार्किंगमध्ये जमले. मी काय घडले ते सांगितले आणि सोबत एक साधा हिशेब मांडला. आमच्या इमारतीतील बाथरूम चार फूट बाय सहा फुटांची आहे, वर माळा असल्याने उंची सात फूट, म्हणजे आत सुमारे पावणेपाच घनमीटर हवा मावते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण चालला तर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस नीट जळायला 12 घनमीटरांहून अधिक हवा लागते. वीस मिनिटे सलग चालला तर बाथरूममधली बहुतेक हवा तोच मागतो, आणि ती न मिळाली की विष तयार होऊ लागते. "आमच्याकडे आठ वर्षांत काही झालं नाही," असे एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या घरची झडप उघडी असते, हे त्यांच्या पत्नीने तिथेच सांगितले.

मग लोक एकेक करून बोलू लागले. तिसऱ्या मजल्यावरील एका बाईंच्या मुलीचे डोके फक्त रविवारी, न्हायल्यानंतर दुखायचे. घरात त्याचे खापर मोबाइलवर फोडले जात होते. एक नवविवाहित तरुण दोनदा बाथरूममध्ये भोवळ येऊन बसला होता आणि लाजेने कोणाला बोलला नव्हता. चौथ्या मजल्यावरचे काका उठून उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे विचारले, "डॉक्टर, मग डिसेंबरात मी पडलो होतो, ते काय होतं?" डिसेंबरात त्यांचा रक्तदाब उतरल्याचे निदान मी केले होते आणि त्यांची गोळी अर्धी केली होती. ते आंघोळ करताना पडले होते, एवढे मी फाइलमध्ये लिहिलेही होते. पाणी कशावर तापवता, हे विचारले नव्हते. मी ते सर्वांसमोर कबूल केले.

एकाच जिन्यावर राहणाऱ्या चार घरांत तीच खूण उमटली होती आणि प्रत्येकाने ती आपापल्या दाराआड ठेवली होती. त्यांतील दोन जण माझ्याकडे आलेही होते, वेगवेगळ्या महिन्यांत, आणि मी त्यांना वेगवेगळी औषधे दिली.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीचा तिळगूळ घेत-देत, आम्ही घरोघर जाऊन पाहणी केली. 11 गीझर बाथरूमच्या आत होते. पंधरवड्यात त्यांतील नऊ ड्राय बाल्कनीत हलवले गेले. गरम पाण्याचा पाइप तेवढा भिंतीतून आत आला. एका घराने विजेचा गीझर घेतला. राहिलेले अकरावे घर भाड्याचे आहे. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते आणि मालक परगावी असतात. त्यांना मी स्वतः दोनदा फोन केला आहे, संस्थेच्या सचिवांनी लेखी पत्र पाठवले आहे. त्या घरातल्या ताई तोवर स्वयंपाकघरातल्या शेगडीवर पातेल्यात पाणी तापवून दोन मुलांना आंघोळ घालतात. कढत पातेले उचलून नेताना मुले वाटेत येऊ नयेत, म्हणून समोरच्या आजी रोज सकाळी साडेसहाला त्यांना आपल्या घरी बोलावून घेतात.