गुंफलेला क्रूस, चौथा आराखडा: पट्ट्या, आकडे आणि निळ्याचा हिरवा

ढालीवर काढायच्या एका चिन्हाचं हे रेखाटन. कल्पना आधीच्या आराखड्यांतलीच आहे: दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्या एकमेकींत विणलेल्या, म्हणजे हेराल्ड्रीतला (ढालीवरच्या कुलचिन्हांच्या शास्त्रातला) ‘पार्टेड अँड फ्रेटेड’ क्रूस. फक्त प्रत्येक भुजेच्या टोकाशी जोडीतल्या दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर वळतात आणि त्यातून मोलिन क्रूसाचं दुभंगलेलं टोक आपसूक तयार होतं. मोलिनचा आकार मुळात जात्याच्या वरच्या तळीत बसवतात त्या लोखंडी पट्टीवरून आला, त्यामुळे फुटलेली टोकं विणीला चिकटवल्यासारखी दिसत नाहीत. नावीन्य एवढ्यावरच थांबवलंय. मध्यात भोक किंवा कोपऱ्यांत गोळे असं काहीही वाढवलं तर ब्लेझन (चिन्हाचं ठरावीक शब्दांतलं वर्णन) दोन ओळींचं होतं आणि चिन्ह लांबून ओळखू येत नाही.

ढाल ६०० एकक रुंद. बाजू २४० पर्यंत सरळ, तिथून समोरच्या कडेवर केंद्र धरून ६०० त्रिज्येचे कंस. टोक ७६० च्या आसपास येतं. क्रूसाचा मध्य वरून ३०० वर. पहिल्या आराखड्यात पट्टी ३० आणि फट ३० होती, म्हणजे जोडी जेमतेम ९०. भार नसलेल्या (म्हणजे ज्यावर दुसरं चिन्ह नाही अशा) क्रूसाला पारंपरिक पंचमांश रुंदी द्यायची तर १२० लागतात. ढाल २० मिलिमीटरवर छापली की मधला चौकोन चक्क भरून गेल्यासारखा दिसत होता. आता पट्टी ४८, फट ५६, एकूण १५२. त्याच छापात पट्टी १.६ मिलिमीटर येते आणि वीण दिसते.

दुसऱ्या आराखड्यात टोकांना पूर्ण वेटोळी दिली होती. वरच्या भुजेचं वेटोळं आणि बाजूच्या भुजेचं वेटोळं कोपऱ्यात एकमेकांवर आदळली. आता फक्त पाव वळण आहे: टोक मध्यरेषेपासून १३० वर थांबतं, निमुळतं होत २४ रुंदीला बोथट कापलेलं. अणकुचीदार टोक पडद्यावर देखणं दिसतं, पण भरतकामात एक मिलिमीटरच्या आतली पट्टी टाक्यांत बुडते.

सगळ्यात जास्त वेळ विणीने खाल्ला. इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चतुर्थांश काढायचा (एक छेद आणि दोन अर्ध्या भुजा) आणि फिरवण्याचं केंद्र बरोबर ३००, ३०० वर ठेवून तो ९० अंशांनी तीनदा फिरवायचा. इथे ‘फ्लिप’ वापरलात तर वीण मोडते. डाव्या वरच्या छेदात उभी पट्टी वर असेल, तर आरशातल्या प्रतिमेत उजव्या वरच्या छेदातही उभीच वर येते, आणि वरची आडवी पट्टी दोन्हीकडे खाली दबते. चटईसारखं एक वर, एक खाली हवं असेल तर फिरवणंच बरोबर. नंतर तुकडे ‘युनियन’ने जोडायचे, नाहीतर सांध्यावर केसाएवढी रेघ राहते. छेदाजवळची मोकळीक ९ एकक: वरच्या पट्टीची प्रत ‘आउटसेट’ने तेवढी फुगवून खालच्या पट्टीतून ‘डिफरन्स’ने वजा करायची.

चारी भुजा सारख्या ठेवल्या तर ढालीचा खालचा भाग ओका वाटतो. म्हणून फिरवणं आटोपल्यावर खालच्या भुजेचा फक्त सरळ भाग ६० एककांनी लांबवला. भुजा ६०० वर संपते. तिथे मध्यापासून कडेपर्यंत १८० जागा आहे, टोकं १३० वर, म्हणजे ५० शिल्लक.

रंग: सोनं निळ्यावर, असं ठरलं होतं. धातूवर धातू (सोनं म्हणजे पिवळा, चांदी म्हणजे पांढरा) नको हा नियम जेरुसलेमच्या चिन्हाने मोडलाय (चांदीवर सोनेरी क्रूस), पण ती चैन प्रत्येकाला परवडत नाही. उभ्या पट्ट्या सोनेरी आणि आडव्या चांदीच्या करून पाहिल्या. निळ्यावर दोन्ही चालतात, पण लहान छापात पिवळं-पांढरं एकमेकांत विरघळतं, आणि वीण दाखवायची तीच जागा जाते. निळा बाद झाला तो मात्र एकरंगी छापात. हेराल्ड्रीचा लेखक पेत्रा सांक्ता याने १६३८ च्या ग्रंथात वापरलेल्या, रंगांऐवजी रेषा काढायच्या पद्धतीत निळा म्हणजे आडव्या रेषा, आणि त्या आडव्या पट्ट्यांच्या कडांना जाऊन भिडतात. हिरव्याच्या रेषा तिरप्या असतात, पाहणाऱ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे. बाह्यरेषा ६ आणि छायारेषा २ ठेवली की क्रूस स्वच्छ सुटून दिसतो. म्हणून आता ढाल हिरवी.

लाल-पांढऱ्याच्या मोहात पडणाऱ्यांसाठी: पांढऱ्यावर लाल सुटा क्रूस आणि लालवर पांढरा, दोन्ही भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने राखीव आहेत.

ब्लेझन सध्या असं: ‘व्हर्ट, अ क्रॉस पार्टेड अँड फ्रेटेड, द लिंब्स एंडिंग मोलिन, ऑर’ (हिरव्या ढालीवर विणलेला सोनेरी क्रूस, भुजांची टोकं मोलिन). ‘लिंब्स’ ऐवजी नुसतं ‘एंड्स’ लिहिलं तर एखादा चित्रकार पट्टीच्या प्रत्येक टोकालाच दोन आकडे (वळलेले हुक) काढेल, म्हणजे सोळा, आणि त्याला चूकही म्हणता येणार नाही. आपल्याला आठ हवेत.

लाखेच्या मोहरेसाठी वेगळी प्रत लागेल. २० मिलिमीटरवर ९ एककांची मोकळीक ०.३ मिलिमीटर होते आणि लाख ती बुजवते. ती १५ करायची. कोरीव काम उलटं होतं. ते उलटवायचं राहिलं तर छापात वीण आरशातली येईल, पण तीही एक वर, एक खाली अशीच असते. पूर्ण चित्र उलटवणं आणि चतुर्थांश उलटवून जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी. कोणती पट्टी कुठे वर, हे ब्लेझन सांगत नाही. मोहोर तरीही बरोबरच ठरेल.